मोरीच्या कोपऱ्यातला पंखा

माझ्या नवऱ्याला विमानांची हौस होती, असं अजून कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हौस पतंगाची असते, कबुतरांची असते. त्यांना विमानाचं काम येत होतं, आणि चांगलं येत होतं. ते आता नाहीत, त्यामुळे कुणी काहीही बोलतं. लोकांच्या जिभेला कुठं हाड असतं?

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. पण 'हे' आणि 'ते' करत सांगायला बसले तर कुणाचा कुणाला मेळ लागायचा नाही, म्हणून सरळ रामदास म्हणते. त्यांनीही कधी राग धरला नसता. राग धरणं हे खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं.

परळला भोईवाड्यात दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. खोलीतच चूल, खोलीतच मोरी. माणसं चार: मी, रामदास, माझी सासू सुंदराबाई आणि धाकटा दीर शामराव. शाम गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात कायम होता. सासरेही त्याच खात्यात राबले आणि छातीत कापूस भरून गेले. आम्हाला तेव्हा लोक महार म्हणत, बौद्ध व्हायला अजून अवकाश होता. गिरणीत आमच्या माणसांना रिंगखातंच मिळायचं. कापड विणायच्या साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आम्ही तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. हे सगळं उघड चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

रामदास त्यातून निसटले होते. जुहूला विमान शिकणाऱ्यांचा एक क्लब होता. तिथं ते झाडू मारायला लागले आणि बघता बघता हेल्पर झाले. विमानं ठेवायच्या पत्र्याच्या मोठ्या शेडला ते हँगर म्हणत. लग्न झाल्यावर त्यांनी मला सांगितलेली पहिली गोष्ट कुठली, तर हँगरात पाण्याचा माठ एकच आहे. "सगळे त्यातलंच पितात. साहेबसुद्धा." नव्या नवरीला सांगायची ही काय गोष्ट आहे का? पण सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मी हसले नाही.

साहेब म्हणजे क्लबचे इंजिनियर, गुरुदत्त विजयकर. गिरगावातले, पिढीजात मुंबईकर. माणूस तापट, शिस्तीचा, पण हातचं राखून शिकवणारा नव्हता. इंजिन खोलायला बसले की रामदासांना शेजारी बसवत. चुकलं की हाड्हूड करत, आणि मग तेच पुन्हा करून घेत.

विमानाला हात कुणीही लावू शकतो, पण 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करायला सरकारी परवाना लागतो. परवान्यासाठी परीक्षा, आणि परीक्षेला बसायचं तर परवाना असलेल्या इंजिनियरनं शिफारस करावी लागते. रामदास सातवी शिकलेले. त्यांची शिफारस करील असा माणूस आम्हाला ठाऊक होता तो एकच, आणि ते विजयकर साहेब फेब्रुवारीत नोकरी सोडून विलायतेला मुलाकडे निघाले होते.

त्यातच एका शेटजीच्या पोरानं विमान उतरवताना नाक जमिनीला घातलं. पोराला खरचटलंसुद्धा नाही, पण विमानाच्या नाकावर फिरणारा पंखा मोडला. हँगरातले त्याला पंखाच म्हणत. लाकडाच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून कोरलेला, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा लांब, दोन पात्यांचा, टोकांना पितळेचा पत्रा. नवा पंखा विलायतेहून बोटीनं मागवला. साहेबांनी रामदासांना बोलावून सांगितलं, "हा पंखा तू बसवायचा. तोल तू बघायचा, बोल्ट तू आवळायचे. मी हात खिशात घालून उभा राहणार. विमान नीट उडलं की मी तुझी शिफारस लिहून देईन आणि मग बोटीवर चढेन."

घरी येऊन त्यांनी हे मला दोनदा सांगितलं. आईला सांगितलं, शामला सांगितलं. शाम म्हणाला, "दादा, मग तू सही करनार आन् विमान उडनार? तुझी सही न्हाई तर शेटजीचं पोरगं खालीच?" रामदास म्हणाले, "खालीच." त्या दिवशी आमच्या घरात काही सणवार नव्हता, तरी सासूनं गूळ घालून शेवया केल्या.

जानेवारीतल्या एका सोमवारी पंखा गोदीतून सोडवून आणायला रामदासांना क्लबच्या लॉरीबरोबर पाठवलं. नेमके तेच दिवस. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहणार, ही बातमी फुटली आणि शहर पेटलं. लॉरी परळपर्यंत आली तेव्हा पुढं दादरकडे दगडांचा पाऊस चालू होता. ड्रायव्हर म्हणाला, माझ्या काचा गेल्या तर तू भरणार का? त्यानं पेटी आमच्या चाळीच्या दारात उतरवली आणि लॉरी वळवून निघून गेला. दोघा भावांनी पेटी जिन्यात चढवायला बघितली, पण ती वळणावर अडली. मग पेटी खाली फोडून, तेलकट कागदात गुंडाळलेला पंखा तेवढा वर आणला. पेटीच्या फळ्या पोरांनी रस्ता अडवायला नेल्या.

पंखा घरात आला आणि पहिला प्रश्न, ठेवायचा कुठं? रामदास म्हणाले, लाकडी पंखा कधी उभा ठेवायचा नसतो. लाकडातली ओल खाली उतरते आणि खालचं पातं जड होतं. तसा पंखा फिरला की सगळं विमान थरथरतं, इंजिनसुद्धा जागेवरून उखडू शकतं. आडवाच ठेवायचा. मी म्हटलं, ठेवा की आडवा, आणि आपण चौघं खिडकीत बसून झोपू. आडवा ठेवला तर खोली संपत होती. भिंतीला टांगायला बघितलं तर भिंती सिमेंटच्या, खिळा शिरेना. बाहेर ठेवावा तर पोरं आणि पोलीस दोघंही मजल्यामजल्यांवर पळत होते.

शेवटी मोरीजवळच्या कोपऱ्यात पोतं अंथरून तो उभा केला. त्यालाही उपाय होता. साहेबांनीच एकदा सांगितलं होतं, नाइलाजानं उभा ठेवलाच तर रोज उलटा करायचा, म्हणजे ओल एकाच पात्यात साठत नाही. सकाळी आम्ही बायका अंथरुणं गोळा करून भिंतीला सरकायचो, दोघं भाऊ पंखा अलगद आडवा करायचे, खोलीभर फिरवायचे आणि दुसरं टोक खाली करून उभा करायचे. शाम म्हणायचा, "दादा, वैनीला कधी असं दोन्ही हातांनी जपून धरलंस का?" मी त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

त्या आठवड्यात गिरण्या बंद, गाड्या बंद, संचारबंदी. शाम घरात राहणारा नव्हताच. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" हे त्याच्या तोंडात जेवतानाही असायचं. गुरुवारी सकाळी त्यानं पंख्याला हात लावला, भाकरी खाल्ली आणि लालबागकडे गेला. तिथं मोर्चावर गोळीबार झाला. शामला पोटात गोळी लागली. तो रस्त्यावरच गेला की हॉस्पिटलात, हे आम्हाला नक्की कुणी सांगितलं नाही.

प्रेत संध्याकाळी मिळालं. पोलिसांचा हुकूम, माणसं चारच. घरी थोडा वेळ आणलं, मोरीजवळ डोकं करून ठेवलं, कारण तेवढीच जागा मोकळी होती. सासूनं त्याच्या तोंडात पाणी घातलं आणि ते बाहेर आलं. भोईवाड्याच्या स्मशानात नेऊन पुरुष परत आले तेव्हा जिथं त्याचं डोकं होतं तिथं तिनं पीठ पसरून दिवा लावला होता. दिव्याच्या मागं कोपऱ्यात पंखा उभा.

दिवा दहा दिवस ठेवायचा असतो. विझू द्यायचा नाही, जागेवरून हलवायचा नाही. गेलेला माणूस त्याच्या उजेडानं वाट चालतो म्हणतात. सासू दिव्यापाशी बसली ती उठेना. तेल घालायची, वात सारायची, तिथंच भिंतीला डोकं टेकून डुलक्या घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदास तिच्याजवळ उकिडवे बसले. मी चुलीपाशी होते.

"आई, दिवा जरा हातभर इकडं घेतो. त्यो पंखा उलटा करायचाय."

तिला आधी कळलंच नाही. "कशाला हात लावतोस?"

"दिव्याला. विझू देत न्हाई. कौसल्या धरंल, मी पंखा फिरवंन आन् परत हितंच ठेवू."

"माज्या शामचा उजेड हाय त्यो." ती ओरडली नाही, हळूच बोलली. "अंधारात चालतोय माजं लेकरू. तू त्याच्याम्होरला उजेड हलवतोस?"

"हातभरच गं, आई."

"हलव. हलव आन् मग मलाबी त्याच्यामागं पोचवून ये."

रामदास उठले. त्यांनी पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून दहाव्यापर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही.

मी मात्र गप्प बसणारी नव्हते. जिन्यात त्यांना गाठलं. म्हटलं, "तुमच्या भावाला ह्या दिव्याबिव्याचं काही होतं का? तोच आईला सांगायचा ना, की बाबासाहेब धर्म सोडणार, आपण पण सोडायचा, हे देव आणि हे दिवे सगळे समुद्रात टाकायचे? शाम असता तर त्यानंच दिवा उचलून बाजूला ठेवला असता आणि तुम्हाला म्हणाला असता, दादा, तुझं काम कर आधी."

"शाम असता तर दिवाच नसता," रामदास म्हणाले.

"मग मी उचलते. मला घालू दे शिव्या. सुनेलाच तर घालायच्या असतात."

त्यांनी माझं मनगट धरलं. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं घट्ट. "नको, कौसल्या. तिच्याकडं आता त्या दिव्याशिवाय काय हाय?"

मला त्यांचा राग आला, म्हातारीचा आला, मेलेल्या शामचासुद्धा आला. जायची काय गरज होती त्याला? मग स्वतःचीच लाज वाटली आणि मी तिथंच पायरीवर बसून रडले.

आणि पाणी! दुःखाच्या घरी येणारा प्रत्येकजण मोरीत पाय धुऊन, चूळ भरून बसायचा. संचारबंदी सैल झाल्यावर तर माणसांची रीघ लागली. काळाचौकीहून, माटुंग्याच्या लेबर कँपातून नातलग आले, मग गावाकडचे आले. बायका गळ्यात पडून रडत आणि जाताना मोरीत अंघोळ करून जात. आमच्या मोरीला कट्टा होता वीतभर. पाणी त्यावरून पोत्यावर, पोत्यातून पंख्याच्या बुडाशी. मी दिव्याच्या अलीकडून हात लांब करकरून पोतं ओढायला बघायची, तर सासू नुसती माझ्याकडे बघायची. तिची ती नजर आठवली की अजून माझा हात थबकतो. पोतं दहा दिवस ओलं राहिलं.

मधे एके दिवशी विजयकर साहेब आले. गिरगावातून आमच्या चाळीत, पांढऱ्या पँटीत, हातात टोपी. दारातून आत येताच त्यांची नजर कोपऱ्यात गेली. पंखा, पंख्यापुढं दिवा, दिव्यापुढं म्हातारी. त्यांना सगळं एका क्षणात कळलं हे मला दिसलं. ते खाली बसले. मला म्हणाले, "बाई, जरा पाणी देता?" सुतकाच्या घरात, आमच्या घरात, मागून पाणी प्यायले.

सासूनं त्यांना हात जोडून विचारलं, "सायेब, ह्याचं काम जानार न्हाई न्हवं? एवढाच राह्यला आता मला."

साहेब तिच्याकडे बघून म्हणाले, "नाही, आई. रामदासचं काम कुठं जात नाही." आणि पुन्हा त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, तू बोल. तू साहेब आहेस, तुझं ती ऐकेल. पण ते उठले, दिव्याला नमस्कार केला आणि बाहेर पडले. गॅलरीत रामदासांना एवढंच म्हणाले, "तो उभा आहे."

"होय, साहेब. दहाव्यापर्यंत हलवता येत न्हाई."

"बरं," साहेब म्हणाले आणि जिना उतरले.

दहावा झाला. दिवा शांत केल्यावर सासूनं स्वतःच सांगितलं, "ने आता तुजं ते." रामदासांनी पंखा उचलला तेव्हा खाली पोत्याचा तुकडा चिकटून आला. तो त्यांनी नखानं काढला आणि पितळी पत्रा सदऱ्यानं पुसला.

क्लबची लॉरी आली. मला म्हणाले, "तू पण चल. बसवताना बघ." मी कधी विमान जवळून बघितलं नव्हतं. लॉरीत ते मागं बसले, पंखा मांडीवर आडवा घेऊन. वाटेत दादर गेलं, माहीम गेलं. मी म्हटलं, काही नसेल झालं, एवढं जाडजूड लाकूड. ते म्हणाले, "बघू."

हँगरात विमान उभं होतं, नाक नागडं. मला वाटलं होतं त्याहून किती लहान! दोन माणसांची जागा आणि कापडाचे पंख. त्याच्यापुढं तोल बघायचं लाकडी घोडं मांडून ठेवलं होतं, वर दोन धारदार पोलादी पट्ट्या. पंख्याच्या मधल्या भोकात दांडी घालून ती दांडी त्या पट्ट्यांवर ठेवायची आणि हात काढायचा. तोल बरोबर असेल तर पंखा आडवा केला तर आडवाच राहतो.

साहेब कबूल केल्याप्रमाणे हात खिशात घालून उभे होते. रामदासांनी दांडी घातली. पंखा पट्ट्यांवर ठेवला, आडवा केला, पात्यावर बोट ठेवून तो स्थिर होऊ दिला. मग बोट काढलं.

उजवं पातं खाली गेलं. सावकाश गेलं, कुणी धरून खाली न्यावं तसं, आणि खाली जाऊन उभं राहिलं. मोरीपाशी दहा दिवस खाली राहिलेलं पातं होतं ते.

त्यांनी पुन्हा आडवा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा साहेबांनी खिशातून हात काढले, पुढं आले आणि खालच्या टोकाचा पितळी पत्रा अंगठ्यानं दाबला. पत्र्याखालून पाणी आलं. थेंबभरच असेल. पत्र्याच्या वर, जिथं फळ्या एकमेकींना चिकटवल्या होत्या, तिथं केसाएवढी रेघ उघडली होती.

"आडवा ठेवून सुकवू, साहेब," रामदास म्हणाले. "वजन जाईल."

"वजन जाईल. पण सांधा सुटलाय."

"होय. सांधा सुटलाय."

"दुसरा मागवायचा तर सहा महिने. मी त्याआधीच जाणार." साहेब म्हणाले. "मी शिफारस कशावर लिहू, रामदास? बसवलेला पंखा नाही, उडालेलं विमान नाही. उद्या मला विचारलं, ह्या माणसानं काय केलं म्हणून तू सही दिलीस, तर मी काय सांगू?"

"बरोबर हाय, साहेब. मी तुमच्या जागी असतो तर मीपण केली नसती."

हे ऐकलं आणि माझ्या तोंडाचा ताबा सुटला. म्हटलं, "साहेब, तुम्ही आला होतात ना घरी? बघितलं होतंत ना? तेव्हा दोन शब्द बोलायला तुमचं काय जात होतं? यांना जमलं नाही, ते तिचे लेक आहेत. मला जमलं नाही, मी सून आहे. तुम्हाला काय झालं होतं?"

मला वाटलं आता साहेब हाड्हूड करणार. ते म्हणाले, "त्या दिव्यासमोर काय बोलणार होतो मी, बाई?"

रामदास पंखा घोड्यावरून उतरवत होते. दांडी काढली, कापडानं पुसून जागेवर ठेवली. पंखा भिंतीशी दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला, दोन्ही टोकं सारखी उचललेली आहेत ना, हे वाकून बघून. आता त्याचा काय उपयोग होता?

पुढचं फार लवकर झालं. क्लबच्या कमिटीनं विचारलं, क्लबचा माल घरी नेलाच कसा? लॉरी कुणी वळवली ते कुणी विचारलं नाही. साहेब रामदासांसाठी भांडले म्हणतात, आणि भांडलेही असतील, पण जाणाऱ्या माणसाच्या बोलण्याला कोण वजन देतो? रामदासांना काढून टाकलं. साहेब बोटीनं गेले. नवा इंजिनियर येताना आपला माणूस घेऊन आला.

इकडे गिरणीत शामची कायमची जागा रिकामी होती. मेलेल्याच्या जागी भावाला घेत असत. आमच्या मजल्यावरचे अप्पा जॉबर, म्हणजे खात्यात माणसं भरणारे मुकादम होते, त्यांनीच येऊन सांगितलं, "रामदास, जागा दुसऱ्यानं पकडायच्या आत ये." ते गेले. ज्या खात्यातून ते निसटले होते त्याच रिंगखात्यात, भावाच्या मशीनवर, भावाच्याच पाळीत.

सासूला सांगितलं, साहेब विलायतेला गेले म्हणून तिथलं काम संपलं. मला त्यांनी गळ्याची शपथ घातली. "तिला खरं कळलं तर ती जगायची न्हाई. एक गेला तो गोळीनं, दुसऱ्याचं मीच वाटोळं केलं म्हणून ती डोकं आपटून घेईल." मी शपथ पाळली. जळफळत पाळली, पण पाळली. सासू बायकांना सांगायची, माझ्या रामदासनं भावाची जागा राखली. ते ऐकत आणि मान डोलवत.

त्या वर्षाच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर त्यांच्या चितेपाशी वाळूत उभं राहून लाखो माणसांनी धम्म घेतला, त्यात आम्हीही होतो. मी माझ्या जन्मात एवढी रडले नव्हते आणि एवढी ताठही उभी राहिले नव्हते. सासू माझ्या शेजारी होती. तिला पाली बोलता येत नव्हतं, पण प्रत्येक शब्द ती माझ्या मागून म्हणत होती.

दोन-तीन दिवसांनी तिनं फळीवरचे देव काढले. खंडोबाचा टाक, येडाईची मूर्ती, कुंकवाचा करंडा, सगळं एका फडक्यात बांधलं. मग खाली वाकून चुलीमागून तो पितळी दिवा काढला, शामसाठी लावलेला. तोही फडक्यात टाकला. ती खरोखर हलकी झाली होती, चेहऱ्यावर किती दिवसांनी तजेला होता. मला तिचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू?

रामदास पाळीवरून येऊन नुकते जेवायला बसले होते. भुवयांवर कापूस होता, खोकला लागला होता. सासू फडक्याची गाठ मारत म्हणाली, "शाम खरं बोलायचा रं. मेलेल्या मानसाला कसला आलाय उजेड? गेला की गेला. आन् मी येडी, दहा दिस तेल जाळीत बसले. पानी नाय, झोप नाय." मग त्यांच्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी एवढी शानीसुरती मानसं घरात व्हता. एकानंबी मला म्हटलं न्हाई, की आई, हलव त्यो दिवा?"

तिला आठवत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, तिला खरंच आठवत नव्हतं.

माझ्या हातात भाकरी होती. शपथ मोडून खरं ते ओठाशी आलं होतं. मी रामदासांकडे बघितलं. त्यांनी पेला उचलला, खोकला थांबेपर्यंत पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला.

"चुकलंच आमचं, आई," ते म्हणाले. "म्हणायला पायजे व्हतं."